चिंचेवरचा पिंगळा आणि हिवाळी सहल : दुर्मिळ पक्षी ओळखायला मुलांना कसं शिकवावं?



थंडी पडली की शाळेत सहलीची कुजबुज सुरू होते. किल्ला की देवस्थान, वॉटर पार्क की साखर कारखाना, यावर स्टाफरूममध्ये चर्चा रंगते. गेली काही वर्षं आम्ही यात एक पर्याय वाढवला आहे : एका दिवसाची पक्षी पाहण्याची सहल. पहाटे निघायचं, सकाळभर पाणथळीवर थांबायचं, दुपारी डबा खायचा आणि संध्याकाळी घरी. खर्च कमी आणि शिकायला भरपूर.

पण या सहलीत माझ्याकडून एक चूक झाली होती. ती आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या चुकीतूनच शिकले आहे.

सातवीची मुलं घेऊन आम्ही भिगवणला गेलो होतो. परतीच्या वाटेवर चहाला गाडी थांबली, तर रस्त्याकडेच्या झाडाच्या ढोलीत एक छोटंसं घुबड बसलेलं. भर दिवसा! मी त्याच आठवड्यात रानपिंगळ्याबद्दल वाचलं होतं. दुर्मिळ पक्षी, आपल्याच महाराष्ट्रात सापडलेला, दिवसा फिरणारा. डोक्यात तेच होतं. मी मोठ्याने म्हणाले, "मुलांनो, हा बघा रानपिंगळा! फार दुर्मिळ आहे बरं का." झालं! तीस वह्यांत नोंद झाली. शाळेत आल्यावर फलकावर रंगीत खडूने झळकलं : आम्ही रानपिंगळा पाहिला.

आठवड्याने एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, आमच्या चिंचेवर पण रानपिंगळा हाय. दोन हायेत. रोज संध्याकाळी वरडत्यात."

मी त्याच्या घरी जाऊन पाहिलं. तो साधा पिंगळा होता, गावोगावी दिसणारा. आणि मग लक्षात आलं की रस्त्याकडेला पाहिलेलं घुबडही तेच होतं. आता प्रश्न होता फलकाचा. गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. त्या मुलालाही "हो रे, तुझाही रानपिंगळाच" म्हणून खूश करता आलं असतं. पण मग पक्षीनिरीक्षण शिकवलं असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

फलकाचं काय केलं ते शेवटी सांगते. आधी या दोन पिंगळ्यांची खरी गोष्ट ऐका. ती वर्गात सांगण्यासारखी आहे.

११३ वर्षं हरवलेला पक्षी

रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ साली मध्य भारतात मिळाला आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर मोजकेच नमुने जमा झाले. १८८४ नंतर तर हा पक्षी कोणालाच खात्रीने दिसला नाही. तो नामशेष झाला असावा, असं अनेकांना वाटू लागलं.

मधल्या काळात एक नोंद मात्र होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातमधल्या मांडवीजवळ आपण हा पक्षी मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं. ती नोंद खरी धरली गेली. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्याच्या संग्रहातले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा भलतंच उघड झालं. या माणसाने संग्रहालयातले दुसऱ्यांचे नमुने चोरून त्यांवर स्वतःच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. मांडवीचा रानपिंगळाही असाच, दुसऱ्याने कितीतरी आधी मिळवलेला. म्हणजे त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून मांडवीकडे शोधणाऱ्यांची वाटच चुकत होती.

आणखी एक गंमत सांगते. माझ्यासारख्यांना थोडा धीर देणारी आहे. मध्यंतरी रानपिंगळ्याचा म्हणून छापून आलेला एक फोटोही नंतर साध्या पिंगळ्याचाच निघाला. म्हणजे जाणत्यांचीही गल्लत होते!

रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी खोटी नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध सुरू केला. नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, सकाळच्या उन्हात एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! त्यानंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट इथेही तो आढळला आणि २०१४ मध्ये मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही.

या गोष्टीतला मुद्दा मुलांना पटकन कळतो. एका माणसाच्या खोट्या नोंदीने शोधणाऱ्यांची दिशा चुकवली आणि कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी प्रामाणिकपणे लिहून ठेवलेल्या जागेने पक्षी परत मिळवून दिला. वहीत आपण काय लिहितो याला एवढी किंमत असते.

मग दोघांत फरक काय?

साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात, कोणीतरी तांदूळ शिंपडल्यासारखे. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, करड्या-तपकिरी रंगाचं असतं. छातीवर गडद तपकिरी रंग आणि खाली पोट स्वच्छ पांढरं. पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे ठळक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जागा. रानपिंगळा सागाच्या विरळ, कोरड्या जंगलात राहतो. साधा पिंगळा वाडीत, शेतात, जुन्या आंब्या-चिंचेच्या ढोलीत, अगदी शहरातही राहतो. आणि तोही दिवसा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. मी "दिवसा दिसला" एवढ्यावरच निकाल देऊन टाकला. डोक्यावरचे ठिपके पाहिलेच नाहीत.

थोडक्यात, मला साधा पिंगळा नीट माहीत नव्हता, म्हणून प्रत्येक पिंगळा मला रानपिंगळा वाटू शकत होता. दुर्मिळ पक्षी ओळखण्याची पहिली अट हीच आहे : नेहमीचे पक्षी चांगले ओळखता यायला हवेत.

"दुर्मिळ" म्हणजे नक्की काय?

मुलं सहलीला जाताना विचारतात, "बाई, दुर्मिळ पक्षी दिसेल ना?" तेव्हा हा शब्द आधी सोडवून सांगावा. त्याचे तीन अर्थ होतात.

पहिला अर्थ : जगातच कमी उरलेला. माळढोक, रानपिंगळा हे या गटातले. यांची घटती संख्या हीच काळजीची गोष्ट आहे.

दुसरा अर्थ : इथे क्वचित दिसणारा. महाधनेश कोकणात किंवा दांडेलीच्या जंगलाजवळ राहणाऱ्याला ओळखीचा असतो. तोच पक्षी पुण्याच्या बागेत दिसला तर सगळे पक्षीमित्र धावत येतील. पक्षी तोच, जागा बदलली.

तिसरा अर्थ : थोडेच दिवस दिसणारा. हिवाळी पाहुणे बहुतेक याच गटातले. पट्टकादंब इथे असतात तेव्हा शेकड्याने असू शकतात, पण मे महिन्यात शोधायला गेलात तर एकही सापडणार नाही.

आपल्या एका दिवसाच्या सहलीत बहुतेक वेळा तिसऱ्या अर्थाचे पक्षी भेटतात, कधी नशिबाने दुसऱ्या अर्थाचा. पहिल्या अर्थाचा पक्षी दिसायचं आश्वासन मुलांना देऊ नये. ते पाळता येत नाही आणि मग माझ्यासारखं नको ते तोंडातून निघतं.

हे पाहुणे हिवाळ्यातच का येतात?

इथे भूगोलाचा तास आपोआप होतो. सायबेरिया, मंगोलिया, तिबेट, मध्य आशिया या भागांत उन्हाळ्यात दिवस मोठा असतो आणि किडे, गवत, पाणवनस्पती भरपूर असतात. पक्षी तिथे घरटी करतात, पिल्लं वाढवतात. हिवाळ्यात मात्र तळी गोठतात. बदकाला चिखलात चोच घालायची तर वर बर्फाची लादी! थंडीपेक्षा अन्नाची अडचण मोठी. म्हणून ते दक्षिणेकडे निघतात.

पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतात. डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, हीच त्यांची खूण. उंचावर हवा विरळ असते. आपल्याला तिथे चालताना धाप लागते आणि हे पंख मारत जातात. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरून ठेवतं, म्हणून हे जमतं. सातवी-आठवीच्या मुलांना श्वसनाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर द्या.

आपल्याकडे त्याच वेळी काय घडत असतं? पावसाळ्यात भरलेली धरणं हळूहळू उतरू लागतात. पाणी मागे सरकलं की काठाचा गाळ उघडा पडतो. त्या गाळात किडे, शिंपले, गोगलगायी, बिया आणि शेवाळ असतं. लांब पायांच्या पक्ष्यांना एवढंच हवं असतं. म्हणूनच उजनीच्या फुगवट्यावर बदकं लवकर दिसू लागतात, पण रोहित पक्ष्यांचे मोठे थवे पाणी बरंच उतरल्यावर, साधारण जानेवारीपासून पुढे पाहायला मिळतात. सहलीची तारीख ठरवताना कॅलेंडरबरोबर धरणाची पाणीपातळीही विचारावी.

कुठे जावं?

भिगवण : पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण १०० किलोमीटर. उजनी धरणाचा फुगवटा इथे पसरलेला आहे. कुंभारगाव, डिकसळ या गावांतले मच्छीमार बांधव होडीतून पक्षी दाखवतात. त्यांच्याशी मुलांचं बोलणं करून द्या. कोणता पक्षी कधी आला, पाणी कुठे उथळ आहे, हे त्यांना रोजच्या सवयीने ठाऊक असतं. होडीत बसताना प्रत्येक मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच. यात तडजोड नको.

नांदूर मध्यमेश्वर : नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर. इथला बंधारा ब्रिटिश काळातला. त्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली आणि पक्ष्यांना आयतं घर मिळालं. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. मनोऱ्यावरून पाहता येतं, त्यामुळे लहान मुलांसाठी सोयीचं.

ठाणे खाडी : मुंबई-ठाण्याच्या शाळांना अगदी जवळ. इथे रोहित पक्ष्यांचे प्रचंड थवे येतात. भरती-ओहोटीची वेळ पाहून जावं लागतं.

मराठवाड्यातल्या शाळांना पैठणचा नाथसागर आहे, जळगावकरांना हतनूर, सातारकरांना मायणी. आणि यापैकी काहीच जमत नसेल, तर गावाबाहेरचा पाझर तलाव गाठा. हिवाळ्याच्या सकाळी तिथे दोन तास शांत बसलात, तर पंधरा-वीस जातींचे पक्षी मोजता येतात.

जाण्याआधीचा एक आठवडा

खरी सहल निघण्यापूर्वी सुरू होते. आम्ही आता आठवडाभर आधी शाळेच्या आवारातले पक्षी बघतो. चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार हे चार पक्षी आमची मोजपट्टी. नवा पक्षी दिसला की पहिला प्रश्न : चिमणीएवढा की साळुंकीएवढा? कावळ्यापेक्षा मोठा की लहान? "बाई, एवढाऽऽ मोठा" याचा उपयोग नसतो. "कावळ्याहून मोठा, घारीहून लहान" याचा असतो.

मग पाणथळीवर हमखास भेटणारे काही पक्षी चित्रांतून ओळखीचे करून घेतो. नावांतच खुणा आहेत, त्यामुळे मुलांना ती लवकर पाठ होतात.

वारकरी : काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. पाण्यावर थव्याने दिसतो.

हळदी-कुंकू बदक : काळ्या चोचीचं टोक पिवळं, चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. आपलं स्थानिक बदक.

थापट्या : चोच पुढे रुंद, थापीसारखी. पाण्यात चोच फिरवून गाळून खातो. हा हिवाळी पाहुणा.

चक्रवाक : नारिंगी-तपकिरी मोठं बदक, बहुधा जोडीने. हाही पाहुणा.

शेकाट्या : काळे पंख, पांढरं अंग आणि काडीसारखे लांब गुलाबी पाय.

मुग्धबलाक : चोच मिटली तरी मध्ये फट राहते. गोगलगाय पकडून कवचातून काढण्यासाठी ही चोच कामी येते.

चित्रबलाक : लांब पिवळी चोच, शेपटीजवळ गुलाबी पिसं.

चमचा : चोचीचं टोक पळीसारखं. पाण्यात डावी-उजवीकडे झाडू मारल्यासारखी चोच फिरवतो.

टिबुकली : इवलीशी, पाहता पाहता बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते.

धोबी : काठावर शेपटी सतत वर-खाली आपटत फिरणारा.

हे दहा ओळखू आले की अकरावा आपोआप वेगळा दिसतो. मूल म्हणतं, "हा यातला नाही." दुर्मिळ पक्षी सापडण्याची सुरुवात नेमकी याच वाक्याने होते.

रोहित पक्ष्यांमध्येही असाच खेळ खेळता येतो. आपल्याकडे दोन जाती दिसतात. मोठा रोहित उंच, अंगाने फिकट, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. लहान रोहित बुटका, रंगाने जास्त गुलाबी आणि चोच गडद लाल-काळसर. "मोठ्यांच्या थव्यात लहान रोहित शोधा" असं सांगितलं की मुलं वीस-वीस मिनिटं दुर्बिणीला डोळे लावून बसतात. एरवी दोन मिनिटं गप्प न बसणारी मुलं, बरं का!

हे गुलाबी का, हा प्रश्न येणारच. ते खातात त्या शेवाळात आणि बारीक जलचरांत कॅरोटीनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात. त्यांनी पिसांना रंग येतो. गाजराचा केशरी रंगही याच कुळातला. पिल्लं जन्मतः करडी असतात.

वहीत काय लिहायचं?

आमच्या वहीत आता असे रकाने असतात : वेळ, जागा, किती पक्षी, आकार (मोजपट्टीतल्या चौघांशी तुलना करून), चोच, पाय, रंगाची खूण, काय करत होता, आवाज, नाव. आणि शेवटचा रकाना, जो त्या पिंगळ्यानंतर वाढवला : खात्री.

या रकान्यात तीनच उत्तरं चालतात. "नक्की", "बहुतेक" आणि "माहीत नाही".

नावाचा रकाना मुद्दाम शेवटाकडे ठेवलेला आहे. आधी नाव लिहिलं की डोळे बघायचं थांबवतात, मग जे दिसत नाही तेही दिसल्यासारखं वाटतं. माझं नेमकं तेच झालं. आधी पाहिलेलं लिहायचं, मग पुस्तक उघडायचं, मग नाव. चित्र चांगलं काढता आलं नाही तरी चालेल. अंडाकृती अंग, गोल डोकं, चोच आणि खुणेच्या जागी बाण, एवढं पुरतं.

"माहीत नाही" लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापू नका. शाळेत आपण मुलांना इतकी वर्षं रिकामी जागा भरायला शिकवतो, की उत्तर येत नसलं तरी काहीतरी ठोकून द्यायची सवय लागते. या वहीत ती सवय मोडायची आहे. खुणा नीट लिहिलेल्या असतील तर नाव नंतर सापडतं. खुणाच नसतील तर नुसत्या नावाचा काही उपयोग नाही.

मोठी मुलं असतील तर ई-बर्ड या मोफत संकेतस्थळावर शाळेची यादी टाकता येते. तिथे त्या भागात क्वचित दिसणाऱ्या पक्ष्याची नोंद केली की तपशील विचारला जातो, जाणकार ती नोंद तपासतात. कोणी आपल्याला खोटं ठरवतंय म्हणून नव्हे, तर नोंद पक्की व्हावी म्हणून हे विचारतात. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते. त्यात १५ मिनिटांची यादीही चालते. शाळेच्या आवारात बसून भाग घेता येतो. आणि महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. सहलीची तयारी याच आठवड्यात सुरू केली तर उत्तम.

"अजून जवळ घ्या" असं म्हणू नका

होडीत बसलं की मोठ्यांनाच मोह होतो. मोबाइल बाहेर येतात आणि "दादा, अजून थोडं जवळ घ्या ना" सुरू होतं. होडी जवळ जाते, थवा उडतो. गुलाबी पंख उघडलेले बघून सगळे टाळ्या वाजवतात.

मुलांना त्या वेळी एक प्रश्न विचारा : उडण्यापूर्वी ते काय करत होते? खात होते. इथे ते खाऊन अंगात चरबी साठवतात, कारण पुढचा मोठा प्रवास त्याच शिदोरीवर करायचा असतो. दिवसात पाच-दहा होड्यांनी उठवलं, तर खायचा वेळ गेला आणि जमवलेली ताकद उडण्यात खर्च झाली. पक्षी मान उंच करून आपल्याकडे बघू लागले, खाणं थांबवून एका दिशेने चालू लागले, की समजायचं : आता थांबायला हवं. हे नावाड्याला आधीच सांगून ठेवा. "आम्हाला लांबूनच बघायचंय, दादा" म्हटलं की त्यांनाही बरं वाटतं.

बाकीचे नियम थोडक्यात. लाल-पिवळे भडक कपडे नकोत, मातकट-हिरवे बरे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला. दगड मारून उडवायचं तर नावच नको. सूर्य पाठीमागे राहील असं उभं राहायचं, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात. प्लास्टिक जसं नेलं तसं परत आणायचं.

घुबडांबद्दल एक वेगळी सूचना. त्यांची ढोली सापडली तर जागा सगळीकडे पसरवू नका, फोटोखाली ठिकाण लिहू नका. अंधश्रद्धेपायी आजही घुबडं पकडली आणि मारली जातात. "घुबड दिसलं की अपशकुन" हे घरात कोणी म्हणत असेल, तर पालकांनी मुलांना तिथेच सांगावं की हा पक्षी शेतातले उंदीर आणि किडे खातो.

दुर्बीण विकत घ्यायची का, असं पालक विचारतात. लगेच नको. चार-पाच मुलांत एक असली तरी चालते. घ्यायचीच असेल तर ८ × ४० किंवा ८ × ४२ पुरेशी. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीची घेतली की हात थोडा हलला तरी चित्र थरथरतं, मुलं कंटाळतात.

आता फलकाचं सांगते

त्या मुलाच्या घरून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गाला फलकापाशी नेलं. म्हणाले, "हे मी चुकीचं सांगितलं होतं. तो साधा पिंगळा होता. याने त्याच्या चिंचेवर पाहिलं म्हणून मला कळलं." आणि "रान" हे दोन अक्षरं पुसली. वर्ग हसला. मुख्याध्यापकांनीही नंतर विचारलं, एवढं सगळ्यांसमोर कशाला? मला त्या क्षणी ओशाळं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

मुलांचे चेहरेही थोडे पडले होते. दुर्मिळ पक्षी हातातून गेला ना! पण मग त्या मुलाला पुढे बोलावलं आणि त्याच्या पिंगळ्यांबद्दल विचारलं. तो बोलायला लागला. कोणत्या फांदीवर बसतात, दिवेलागणीला आधी कोणता ओरडतो, रस्त्याच्या दिव्याखाली किडे कसे पकडतात, आईने एकदा ढोलीतून तीन डोकी बाहेर आलेली पाहिली ते कसं. दहा मिनिटं तो बोलत होता. एरवी वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा. इतकं त्या पक्ष्याबद्दल मलाही माहीत नव्हतं. त्याने ते रोज बघून मिळवलं होतं.

त्या वर्षी मुलांनी तीस वह्यांत जुनी नोंद खोडली नाही. मीच सांगितलं, खोडू नका. खाली तारीख टाकून लिहा : "पुन्हा तपासलं. साधा पिंगळा." खऱ्या नोंदवह्यांत दुरुस्ती अशीच करतात.

आता दरवर्षी सहलीच्या आधी मी नव्या मुलांना ही गोष्ट सांगते. मग भिगवणला कोणी "बाई, हा दुर्मिळ!" असं ओरडलं, की बाकीची मुलं लगेच विचारतात, "खुणा सांग!" गेल्या खेपेला एका मुलीने काठावरच्या एका लहान पक्ष्याच्या सात खुणा लिहून आणल्या. पुस्तकं चाळली, नाव लागलं नाही. तिने शेवटच्या रकान्यात "माहीत नाही" लिहिलं आणि वही माझ्यापुढे ठेवली. मी खाली सही केली. या हिवाळ्यात आम्ही तो पक्षी पुन्हा शोधणार आहोत, त्याच काठावर, त्याच वेळी.

तुम्हीही या रविवारी घराजवळच्या झाडापासून सुरुवात करा. संध्याकाळी जुन्या चिंचेखाली किंवा आंब्याखाली मुलांना घेऊन पाच मिनिटं उभे राहा. पिंगळा दिसला, तर आधी त्याच्या डोक्याकडे बघा.